बॅगकाका हॉटेल निवडतात

बॅगकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलं, आणि नावं ठेवण्यात पोरांचा हात कुणी धरू शकत नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, फाटकापाशी, हा माणूस कधी बॅगेशिवाय दिसला असं शपथेवर सांगणारा एकही शेजारी सापडला नसता. बॅग करड्या रंगाची, चाकांची, आणि एक चाक कुरकुरणारं. दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करत देशभर हिंडणाऱ्या माणसाला स्वतःच्या बॅगेचं एक चाक दुरुस्त करता येऊ नये, यावर त्यांच्या बायकोने एके काळी बरेच टोमणे मारले होते. मग टोमणेही बंद झाले.

काम होतं पिशव्या सील करणाऱ्या यंत्रांचं. बिस्किटं असोत, दूध असो, साबणाची पावडर असो, माल पिशवीत पडला की दोन तापलेले जबडे येऊन तिचं तोंड दाबतात आणि ती बंद होते. जबडे कमी तापले तर पिशवी गळते, जास्त तापले तर जळते. एवढीच ती विद्या, पण ती नीट येणारी माणसं कंपनीत मोजकी, आणि यंत्रं गावोगाव. एखादं यंत्र रुसलं की बॅगकाका निघाले. मुलगी जन्मली त्या दिवशीही ते एका दूध डेअरीत जबडे घासत होते. आता ती कॉलेजात जायला लागली होती.

जबडा किती तापलाय हे तरुणपणी ते बोट टेकवून सांगत. मीटर नंतर आले. त्या सवयीने बोटांची टोकं मेली ती मेलीच. मनाचंही हळूहळू तसंच झालं होतं, पण त्याबद्दल कुणाची तक्रार आली नव्हती, त्यामुळे ते काम दुरुस्तीला निघालंच नाही. गेल्या वर्षी त्यांचे थोरले भाऊ गेले. बॅगकाका धावत गेले, वहिनींपाशी बसले, आल्यागेल्याला पाणी दिलं, जे करायचं ते सगळं केलं. रडू मात्र आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली, आणि मग एका बिस्किटाच्या कारखान्यातून फोन आला म्हणून ते तिकडे गेले. भावावर माया नव्हती असं कुणी म्हणू नये. माया होती. ती कुठे ठेवली होती ते सापडत नव्हतं.

तर अशा या माणसाच्या ऑफिसात एका सोमवारी दोन गोष्टी घडल्या.

पहिली मोठ्या साहेबांच्या खोलीत. साहेबांनी खुर्ची दाखवली, म्हणजे मामला गंभीर होता. ते म्हणाले, "वर्कशॉपचे मास्तर या महिन्यात निवृत्त होताहेत. त्यांची जागा तुम्ही घ्या. फिरती बंद. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. पगार साधारण तोच राहील."

"बरं," बॅगकाका म्हणाले.

"बरं काय? हो का नाही?"

"बघतो साहेब."

"बघा, पण भिजत घोंगडं ठेवू नका. पुढच्या सोमवारी मला उत्तर हवं, नाहीतर मी बाहेरून माणूस आणतो. आणि एक करा, आधी घरी विचारा. घरच्यांचाही प्रश्न आहे हा."

"विचारतो," असं म्हणून बॅगकाका उठले.

दुसरी गोष्ट खालच्या मजल्यावर घडली. फिरतीवरच्या लोकांची बिलं पास करणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना बिलबाई म्हणत, आणि त्यांना ते चालत असे. दर महिन्याला नाना हॉटेलांच्या नाना पावत्या जुळवून त्या कावल्या होत्या. शेवटी त्यांनीच वरच्यांच्या मागे लागून नियम करून घेतला होता. आता तीन हॉटेल कंपन्यांशी करार. प्रत्येकाने एक निवडायची आणि तिचं सभासद व्हायचं. त्यांनी बॅगकाकांच्या हातात तीन माहितीपत्रकं ठेवली.

"सोमवारपर्यंत सांगा. एक काय ते धरा. दोन वर्षं बदलता येणार नाही."

"दोन वर्षं?"

"लग्नापेक्षा बरं. मुदत तरी आहे," बिलबाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? जिन्यातच थांबून विचार केला असता, की बाबा रे, फिरतीच बंद होणार असेल तर हॉटेल कशाला निवडायचं? आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दे, दुसरा आपोआप मिटेल. बॅगकाका काही बुद्दू नव्हते. पण पहिला प्रश्न मनात घेतला की आत काहीच हलत नसे. हो म्हणावंसं वाटत नसे, नाही म्हणावंसंही वाटत नसे. हॉटेलांचा प्रश्न मात्र छान होता. त्याला रंगीत चित्रं होती. माणूस अशा वेळी चित्रांकडे जातो, आणि बॅगकाका गेले.

कँटीनमध्ये त्यांना प्लॅटिनमशेठ भेटला. हा कंपनीचा विक्रीचा माणूस, वर्षातले निम्मे दिवस बाहेर. एका हॉटेल कंपनीचं सगळ्यात वरच्या दर्जाचं कार्ड त्याच्याकडे होतं, आणि ते तो पाकिटात अशा जागी ठेवी की चहाचे पैसे देताना सगळ्यांना दिसावं. बॅगकाकांच्या हातातली पत्रकं पाहून त्याला भरतं आलं.

"काका, यात एकच मंत्र. एकनिष्ठ राहा!" तो म्हणाला. "आज इथे, उद्या तिथे असं करणाऱ्याला कुणी विचारत नाही. एका ठिकाणी राहत गेलं की पॉइंट साठतात. साधे, मग चांदी, मग सोनं, मग आपण." त्याने छातीवर हात ठेवला. "मी गेलो की काउंटरवरची मुलगी उठून उभी राहते. नावाने हाक मारते. वरची खोली देते. दुपारपर्यंत खोली सोडली नाही तरी चालतं. घरी असं कोण करतं, सांगा."

"आणि पॉइंटांचं काय करतोस?"

"साठवतो."

"मग?"

"मग काय? अजून साठवतो. मध्ये थोडे मुदत संपून गेले, जीव हळहळला."

"घरच्यांना घेऊन जा की कुठेतरी."

प्लॅटिनमशेठने चहाचा घोट घेतला. "तिला हॉटेल आवडत नाही," तो म्हणाला, आणि लगेच मोफत न्याहारीच्या नियमांकडे वळला. ऐकून घेण्यात बॅगकाकांचा हातखंडा होता. अर्ध्याहून जास्त पाणी पालथ्या घड्यावर पडलं, पण तीन कंपन्यांतला फरक तेवढा त्यांना कळला. निळ्या पाटीवाल्यांकडे पॉइंट साठले की समुद्रकाठच्या त्यांच्या हॉटेलात घरच्यांसकट फुकट राहता येत होतं. झाडाचं चित्र असलेल्यांकडे असलं काही नव्हतं, पण कपडे धुऊन मिळत आणि दर खेपेला तीच खोली मिळे. तिसऱ्यांकडे पॉइंटांवर वस्तू मिळत. इस्त्री, मिक्सर, नवी बॅग. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा अशातली गत होती, त्यांच्या खोल्यांना खिडक्याच धड नव्हत्या.

मंगळवारी फिरती निघाली. एका बियाण्यांच्या कारखान्यात यंत्र पिशव्या अर्धवट बंद करत होतं. बॅगकाकांनी मुद्दाम झाडवाल्यांच्या हॉटेलात खोली घेतली, बघू तरी म्हणून. दिवसभर ते यंत्राखाली आडवे पडून काम करत. पट्ट्यावर काम करणाऱ्या बाया त्यांच्या पायांवरून पाय टाकून जात, कारण त्यांना सांडलेल्या बियाण्यांचा ढिगारा साफ करायचा होता आणि हा माणूस काही उठत नव्हता. संध्याकाळी ते खोलीवर येत, बूट खिडकीखाली ठेवत, घरी फोन लावत.

"जेवलात?" बायको विचारी.

"जेवलो. तू?"

"आत्ताच."

"ती?"

"अभ्यास करतेय."

"बरं."

फोन संपे. या बोलण्यात खोटं काही नव्हतं आणि राग तर नव्हताच. वर्षानुवर्षं तेच चाललं होतं, आणि दोघांपैकी कुणाचा आवाज चढत नव्हता की उतरत नव्हता.

खोली सोडण्याची मात्र बॅगकाकांची एक ठरलेली रीत होती. ती त्यांना, ते अगदी नवखे असताना, याच वर्कशॉपच्या मास्तरांनी शिकवली होती. मास्तर तेव्हा फिरतीवर असत. त्यांचं म्हणणं असं, की फिरतीवरचा माणूस निम्मं आयुष्य हॉटेलांच्या खणांत विसरून येतो. म्हणून निघताना आधी चार्जर काढायचा. वापरलेला टॉवेल न्हाणीघरात खाली टाकायचा, म्हणजे साफ करायला येणाऱ्याला तो धुवायचाय हे कळतं. मग कपाटाचे सगळे खण उघडायचे आणि उघडेच ठेवायचे. वाकून पलंगाखाली बघायचं. किल्ली टीव्हीशेजारी ठेवायची. आणि दारात उभं राहून एकदा वळून बघायचं. सगळं रिकामं दिसलं, की दार ओढून घ्यायचं. या रीतीमुळे इतक्या वर्षांत बॅगकाकांचा एक मोजाही कुठल्या हॉटेलात राहिला नव्हता, आणि याचा त्यांना थोडा अभिमानही होता. गुरुवारी सकाळी त्यांनी तसंच वळून बघितलं, सगळं रिकामं दिसलं, ते निघाले.

संध्याकाळी घर. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बायको एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटर सांभाळत असे. येणाऱ्यांच्या वेळा ठरवायच्या, घाबरलेल्यांना धीर द्यायचा. घरही ती तशाच नेटाने चालवी. नळ गळला तर कुणाला बोलवायचं, बँकेत कुठल्या खिडकीशी जायचं, मुलीच्या कॉलेजातल्या कुठल्या सरांना भेटायचं, सगळं तिला ठाऊक. आतल्या खोलीत मायलेकी झोपत. मुलगी लहानपणी बाबा नसले की आईशेजारी यायची, आणि बाबा नसतच, म्हणून ती तिथेच राहिली. बॅगकाका बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपत. सकाळी लवकर निघायचं असतं, तुमची झोपमोड कशाला, असं त्यांनीच कधीतरी म्हटलं होतं. बाहेरच्या कपाटातले दोन खण त्यांचे. त्यांतही फारसं काही नसे. कपडे बॅगेतच असत.

जेवणाच्या टेबलाला तिसरी खुर्ची होती. तिच्यावर एरवी इस्त्रीचे कपडे असत. ते आले की बायको तो गठ्ठा उचलून आत नेई. त्या दिवशीही तिने नेला.

जेवताना बॅगकाकांनी माहितीपत्रकं काढली. आणि काय सांगावं, घरात एकदम जान आली. मुलगी ताट सरकवून पत्रकांवर तुटून पडली.

"बाबा, निळं घ्या! समुद्र आहे. हे बघ ना आई, खोलीतनं दिसतोय."

"चित्रात दिसतो. खोलीतून समोरची भिंत दिसते," बायको म्हणाली. "दातांच्या जाहिरातीतले दात कधी तोंडात बघितलेस?"

"आई, तू ना!"

"अहो, कपडे धुऊन कोण देतं म्हणालात? ते झाडवालं?"

"हो, झाडवालं."

"मग ते घ्या. तुमचे शर्ट बघवत नाहीत. बॅगेत चुरगळून पार बोळा होतात."

"पण तिथे उशी कडक आहे," बॅगकाका म्हणाले. "मी झोपून आलोय."

"बाबांना कडक उशी चालत नाही? मला माहीतच नव्हतं," मुलगी म्हणाली आणि हसली, कारण वडिलांना काहीतरी चालत नाही ही तिला बातमीच होती. मग तिने वही ओढून, वर्षाला किती रात्री, रात्रीला किती पॉइंट, असा हिशेब मांडायला घेतला. बायको तिच्या खांद्यावरून वाकून चुका काढत होती. तिघं टेबलाशी इतका वेळ बसल्याला किती दिवस झाले होते, कोण जाणे.

आणि बॅगकाका या सगळ्यात वर्कशॉपबद्दल मूग गिळून बसले होते. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, घरी विचारा. घर समोर बसलं होतं, खुशीत होतं, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. त्यांनी दोनदा पाण्याचा पेला उचलला, दोनदा ठेवला. लपवायचं असं त्यांच्या मनात नव्हतं. पण बोलायचं तर आधी स्वतःला काय हवंय हे ठाऊक असावं लागतं, आणि तिथेच सगळा ठणठणाट होता. मग त्यांनी मुलीला विचारलं, "निळ्यांची न्याहारी कशी आहे, लिहिलंय का कुठे?"

शुक्रवारी सुट्टी मिळाली. ते दिवाणावर पडून राहिले. शनिवारी पहाटे साबणाच्या कारखान्याचा फोन आला, अख्खा पट्टा बंद पडलाय, लगेच या. बॅगकाका उठले, अंघोळ केली, आवरलं, निघाले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी कुणाला उठवलं नाही.

दुपारी ते कारखान्यात हात पुसत असताना बायकोचा फोन आला. दुपारचा फोन म्हणजे नवल होतं.

"अहो, किल्ली घरीच राहिली तुमची."

"कुठे?"

"टीव्हीशेजारी. अगदी नीट ठेवलेली. आणि टॉवेल न्हाणीघरात खाली पडला होता. कपाटाचे खण सगळे उघडे. काही शोधत होतात का?"

बॅगकाकांचं हात पुसणं थांबलं.

"दिवाणाखालचं खोकंसुद्धा बाहेर ओढलेलं होतं. काय हवं होतं? मी दिलं असतं काढून."

"काही नाही. राहिलं असेल असंच," ते म्हणाले. "ठेवतो, काम चाललंय."

काम थांबलेलंच होतं. साबणाच्या पावडरीने भरलेल्या त्या दालनात ते यंत्राला टेकून उभे राहिले आणि सकाळ त्यांना जशीच्या तशी आठवली. चार्जर काढला. टॉवेल टाकला. खण उघडले. वाकून, खोकं ओढून दिवाणाखाली पाहिलं. किल्ली ठेवली. आणि दारात उभं राहून वळून बघितलं होतं. सगळं रिकामं दिसलं होतं. समाधान वाटलं होतं. आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं, आणि बिघडलं असं की ध्यानात यावं असं तिथे त्यांना काही दिसलंही नव्हतं.

माणसं किल्ल्या विसरतात. विसरण्यात काही वाईट नाही. पण बॅगकाका किल्ली विसरले नव्हते. ती त्यांनी परत केली होती, स्वतःच्या घराची. पुन्हा जिथे यायचं नाही अशी खोली सोडतात, तसं घर सोडून ते आले होते. आणि ती बिचारी म्हणत होती, मी काढून दिलं असतं.

त्यांना लाज वाटली. कानशिलं तापली. भावाच्या वेळी जे आलं नव्हतं, त्यातलं थोडंसं, भलत्याच ठिकाणी, साबणाच्या वासात, आलं. पट्टा चालू करून ते संध्याकाळी खोलीवर पोचले, बूटसुद्धा न काढता पलंगाच्या कडेवर बसले आणि मोठ्या साहेबांना घरी फोन लावला. साहेबांना त्यांनी सुट्टीच्या दिवशी कधी फोन केला नव्हता.

"साहेब, वर्कशॉप घेतो."

"अरे वा! सोमवारपर्यंतही थांबला नाहीत. घरी विचारलंत ना?"

"हो," बॅगकाका म्हणाले.

हे खोटं त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांना कळलं नाही. पण त्यात लबाडी नव्हती एवढं खरं. त्यात विचारायचं काय, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. इतकी वर्षं ज्यांनी वाट पाहिली, त्यांना येऊ का म्हणून कसलं विचारायचं? परतीच्या गाडीत बसून ते मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. बायकोचा चेहरा कसा होईल, मुलगी काय म्हणेल. डोळ्यांसमोर चेहरे काही नीट उभे राहत नव्हते, पण ते खटपट करत होते.

रविवारी संध्याकाळी त्यांनी घंटी वाजवली. मुलीने दार उघडलं आणि बॅग आत यायच्या आधीच बोलायला लागली.

"बाबा, ठरलं! निळंच. आम्ही दोघींनी सगळं बघितलं. पुढच्या सुट्टीत समुद्रावर जाता येईल. मी आणि आई इथून निघू, तुम्ही जिथे असाल तिथून तिकडेच या."

"हॉटेल नको आता," बॅगकाका म्हणाले. जुळवलेलं वाक्य विसरलं होतं, त्यामुळे जे आलं ते बोलले. "वर्कशॉपची जागा मिळतेय मला. मास्तर चाललेत. मी हो म्हणून टाकलं. फिरती बंद. आता रोज घरीच."

मुलीने आईकडे पाहिलं.

"रोज?" ती म्हणाली.

तिने काही वाईट हेतूने विचारलं नव्हतं. शब्द तोंडून निसटला, आणि निसटल्यावर तिलाच कसंतरी झालं. "म्हणजे छानच ना," ती घाईघाईने म्हणाली.

"चांगलं झालं," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

बॅगकाका बॅग भिंतीशी ठेवून तिच्यामागे गेले. ती भाजी चिरत होती. पाठमोरी होती.

"तुम्हाला कधी कळलं हे?" तिने न वळता विचारलं.

"सोमवारी."

"मागच्या सोमवारी? म्हणजे गुरुवारी तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"गुरुवारी आपण तिघं एवढा वेळ बसलो होतो टेबलाशी." तिचा आवाज शांत होता, दवाखान्यात घाबरलेल्या माणसाशी बोलावं तसा. "हॉटेल कुठलं घेऊ, मला विचारलंत. तिला विचारलंत. उशी कशी, न्याहारी कशी, सगळं विचारलंत. घरी येऊ का, ते नाही विचारलंत."

"मला वाटलं, तुला आनंद होईल."

"मलाही वाटायचं. कितीतरी वर्षं वाटायचं, की एक दिवस तुम्ही येऊन असं सांगाल." तिने सुरी खाली ठेवली. "आधी तुम्ही निघालात की मी खिडकीत उभी राहायचे, तुम्ही वळणावरून जाईपर्यंत. मग एकदा उभी राहायची विसरले. त्या दिवशी मी दिवसभर घाबरलेली होते. कुणाला सांगणार? नंतर पुन्हा विसरले, तेव्हा नाही घाबरले."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही जेवलात का विचारायचे ना मी रोज." ती आता वळली. "रागावू नका. तुमचं काही चुकलं असं नाही. कामच तसं होतं, आणि तुम्ही काही कमी पडू दिलं नाहीत. पण तुम्ही घरी असलात ना, की मी पाय न वाजवता चालते. बोलताना आधी विचार करते. ती पण करते. दोन दिवस निभतं. रोज म्हटलं आणि मी घाबरलेच. असं व्हायला नको होतं, पण झालं."

बाहेर मुलीने टीव्ही लावला, आणि आवाज अगदी बारीक ठेवला.

बॅगकाकांना वाटलं काहीतरी बोलावं. साहेबांना फोन करून नाही म्हणता येईल, बिलबाईंना उद्या निळं सांगता येईल, अजून सगळं परत फिरवता येईल, हे त्यांना सुचलं. ते सोपंही होतं. जिभेपर्यंत आलेलं ते त्यांनी आवरलं.

"मग आत्ता विचारतो," ते म्हणाले. "येऊ का?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तोंडावर बरी-वाईट कुठलीच खूण नव्हती. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं, एवढंच दिसत होतं.

"माहीत नाही हो," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही. विचार करावा लागेल." आणि मग, ते हललेच नाहीत म्हणून, जरा मऊ आवाजात, "तोवर या."

ती पुन्हा भाजीकडे वळली. बॅगकाका ओट्याशी उभे राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ते तिथून हलले नाहीत.